आचारसंहितेतल्या अळ्या

पाचही झाडांवर पांढरं कापड चढवून झालं, मांडववाल्याच्या माणसांनी शिड्या बाजूला घेतल्या आणि आम्ही सगळे चार पावलं मागे सरून बघायला लागलो.  रंगनाथआप्पा शेटे म्हणाले, "साहेब, आधी ती छत्रीसारखी झाडं होती. आता तर नुसत्या छत्र्याच झाल्या."

मेंढेसाहेबांनी रुमाल काढून मान पुसली. निवडणुकीचे अधिकारी म्हणून ते आमच्या गावात नवीनच आले होते. वय अठ्ठावीस-एकोणतीस, आणि चेहरा परीक्षेचा पेपर अवघड गेल्यासारखा.

"वर ते टोक कशाला ठेवलंय?" त्यांनी मला विचारलं.

"टोकाशिवाय छत्री कशी दिसंल साहेब?"

"तेच म्हणतोय मी, मावशी."

मी नगरपालिकेच्या बागेत माळीकाम करायचे. दारापासून कारंज्यापर्यंत फायकसची पाच झाडं एका रांगेत होती. काडीएवढी रोपं लावली तेव्हापासून मी त्यांना कातरत, बांधत, वाकवत आणलं होतं. अकरा वर्षांत त्यांच्या छत्र्या झाल्या. खालून बघितलं तर फांद्या अगदी छत्रीच्या काड्यांसारख्या पसरलेल्या, वरून पानांचं गच्च घुमटाकार छप्पर, आणि शेंड्याला ते टोक. बाहेरगावचे लोक लग्नाच्या आल्बमसाठी तिथं फोटो काढायचे. नवऱ्या मुली झाडाला हात लावून लाजायच्या, आणि ते झाड मी लाजण्याजोगं केलंय याचा मला फार अभिमान वाटायचा.

त्या वर्षी नगरपालिकेची निवडणूक लागली. आमच्या प्रभागात आप्पा तीनदा निवडून आलेले. त्यांच्याविरुद्ध उभे राहिले खटावकर सर, शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक. सरांना चिन्ह मिळालं छत्री. दुपारी चिन्ह मिळालं आणि चार वाजता आप्पांची तक्रार गेली, की सरकारी जागेत सरांचा पाच ठिकाणी फुकट प्रचार चाललाय, आचारसंहितेचा भंग होतोय. म्हणून ते कापड आलं होतं.

"मावशी," मेंढेसाहेब म्हणाले, "याचा दुसरा काही आकार करता येईल? लगेच?"

"येईल की. टोक काढून कडा आत घेतल्या की गोल चेंडू."

साहेबांनी बॅगेतून चिन्हांची यादी काढली. पानं उलटत त्यांचं बोट एके जागी थांबलं. "फुटबॉल. प्रभाग चार."

"मग वरनं चपटं करते. टोपी."

"टोपी प्रभाग सातला दिली."

"चौकोनी?"

"कपाट. प्रभाग दोन. आणि एक फ्रीजही आहे."

"मधे खाच मारून डमरू करू का?"

साहेबांनी यादी वरपासून खालपर्यंत बघितली, मग पुन्हा खालून वर. "डमरू नाही," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले. "करा डमरू."

"तीन वर्षं लागतील साहेब."

त्यांचं हसू गेलं. आमचा वॉचमन इलाहीभाई तांबोळी म्हणाला, "साहेब, कायबी करू नका. नुसतं झाड म्हणून वाढू द्या की."

"नारळाचं झाड प्रभाग नऊला आहे."

"हे नारळाचं कुठंय?"

"तक्रार करणाऱ्याला तेवढं पुरतं," साहेब म्हणाले. आप्पांनी मान डोलावली.

तेवढ्यात खटावकर सर स्कूटरवरून आले. आले ते सरळ पहिल्या झाडाला पाठ लावून उभे राहिले, हात दोन्हीकडे पसरून. चाळीस वर्षं वर्गावर ओरडून त्यांचा आवाज मोठाच राहिला होता.

"माझ्या चिन्हाला कात्री लागली तर मी इथं उपोषणाला बसेन. एका पानाला जरी कुणाचा हात लागला तरी."

"बसा सर," आप्पा म्हणाले. "साखर आहे तुम्हाला. तब्येतीला बरंच आहे."

"माझी साखर काढू नका."

"मी कुठं काढतोय? तुमची तुम्हालाच राहू द्या."

मेंढेसाहेबांच्या एका हातात आप्पांचा अर्ज होता, दुसऱ्या हातात सरांनी आत्ताच गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलेला अर्ज. त्यांनी दोन्हीकडे आलटून-पालटून बघितलं. मग ते कारंज्याच्या कठड्यावर बसले आणि बराच वेळ काहीतरी लिहीत राहिले.

लिहून झालं ते बागेच्या फळ्यावर लावलं. मला अक्षरओळख झाली ती चाळिशी उलटल्यावर, म्हणून मी कागद वाचते तो बोट ठेवून, एकही शब्द न गाळता. त्यात लिहिलं होतं की झाडांवरचं कापड काढावं. झाडांना कोणीही हत्यार अगर हात लावू नये. येत्या बुधवारी सकाळी अकरा वाजता पाहणी होईल. पाहणीच्या वेळी छत्रीचा आकार दिसून आल्यास पाचही झाडं बुंध्यापासून काढण्यात येतील.

मी ते तीनदा वाचलं. बुंध्यापासून हा शब्द तिन्ही वेळा तिथंच होता.

"म्हंजे कसं?" इलाहीभाई म्हणाला. "हातबी लावायचा न्हाई, आन् आकारबी दिसायचा न्हाई?"

"मी वरिष्ठांकडे मार्गदर्शन मागितलंय," साहेब खाली बघत म्हणाले. "बुधवारपर्यंत आलं तर झाडं वाचतील. नाही आलं तर करवतवाले येतील. पोलीस बंदोबस्तात." मग त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. "मावशी, कात्री द्या."

माझी मोठी कात्री, छोटी कात्री आणि वाकडा विळा त्यांनी एका पोत्यात घातला. पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलं, गाठीवर लाख वितळवून ओतली, वर शिक्का दाबला आणि पोत्याला बांधलेल्या चिठ्ठीवर आप्पा आणि सर या दोघांच्या सह्या घेतल्या. मतपेट्या ठेवतात त्या खोलीत माझ्या कात्र्या गेल्या.

हे झालं गुरुवारी.

शुक्रवारी सकाळी इलाहीभाई पहिल्या झाडाखाली स्टूल टाकून बसला होता. मला बघून म्हणाला, "सगुणा, हितं चहाची पूड कुणी सांडली गं?"

मी वाकले. फरशीवर काळे बारीक दाणे पडले होते, मोहरीपेक्षा थोडे मोठे. दोन उचलून मी बोटात चुरडले. आतून हिरवे निघाले.

"पूड न्हवं ही. वर बघा."

"वर काय? झाड हाय."

"ती फांदी बघा, माझ्या बोटाच्या नेमात."

"वाळकी काटकी हाय."

"काटकीला पाय असत्यात का?"

इलाहीभाईनं स्टुलासकट मागं उडी मारली. मग मी त्याला एक-एक दाखवलं. ही अळी बोटभर लांब, राखाडी-तपकिरी, मानेपाशी फुगलेली आणि शेपटीवर एक छोटं शिंग. फांदीला चिकटून अशी ताठ बसते की माळ्यालासुद्धा फसवते. लहान असते तेव्हा पांढुरकी असते, पानावर चिमणीनं घाण केल्यासारखी दिसते. म्हणून झाडावर शोधायच्या आधी खालची फरशी बघायची. अळी लपते, तिच्या लेंड्या लपत नाहीत.

"मग मार की औषध," इलाहीभाई म्हणाला. "करवत यायच्या आधी ह्याच खाऊन टाकतील."

"निंबोळ्या भिजत घालते," मी म्हणाले.

शनिवारी पहिल्या झाडाची पूर्वेकडची बाजू गेली. पानांच्या नुसत्या शिरा राहिल्या, जाळीसारख्या. रविवारी दुसऱ्या आणि तिसऱ्या झाडावरही लागण दिसली. इलाहीभाई दर तासाला फेरी मारायचा आणि माझ्यापाशी येऊन उभा राहायचा.

"निंबोळ्या भिजल्या का?"

"भिजतायत."

"काल पण भिजतच होत्या."

"यंदा कवच जाड आहे."

"माझी आई एक रात भिजवायची, सकाळी वाटायची."

"तुमच्या आईच्या वेळच्या निंबोळ्या वेगळ्या होत्या इलाहीभाई."

तो माझ्याकडे बघत राहिला. तीस वर्षांची ओळख होती आमची. माझ्या डोक्यावर परिणाम झालाय असं त्याला वाटलं असणार, कारण दुपारी त्यानं मला घरून शिरखुर्मा आणून दिला. सण नव्हता की काही नव्हतं.

सोमवारी खटावकर सर आले. झाडाजवळ जाऊन त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, एक अळी निरखली आणि म्हणाले, "हे आप्पाचं काम."

आप्पा पलीकडं बाकावरच बसले होते. "मी काय अळ्या पाळतो का सर?"

"तीन वेळा निवडून आलात. काहीतरी पाळतच असणार."

मग सर माझ्याकडे वळले. "सगुणाबाई, या अळ्या मारून टाका. आत्ताच्या आत्ता."

"मारते की सर. पण तुम्हीच म्हणालात, पानाला हात लावायचा नाही. आणि अळ्या तर पानावरच बसल्यात."

 कुणाला तरी अंगठे धरायला लावावं असं सरांना वाटत असावं, पण वर्ग हातातून गेला होता.

संध्याकाळपासून सरांची प्रचाराची रिक्षा गावात फिरायला लागली. कर्ण्यातून सांगायची, "आज आमची छत्री खाल्ली, उद्या तुमचा प्रभाग खातील." त्याचा परिणाम असा झाला की मंगळवारी अर्धं गाव अळ्या बघायला बागेत आलं. बायका मुलांना कडेवर घेऊन दाखवत होत्या. एक फुगेवाला आला. आप्पांनी आणखी एक तक्रार दिली, की विरोधी उमेदवार अळ्यांच्या मार्फत छुपा प्रचार करत आहेत. त्याच संध्याकाळी मेंढेसाहेबांच्या कचेरीतला शिपाई सांगून गेला की वरून मार्गदर्शन आलेलं नाही, करवतवाल्यांना उद्याची वेळ दिली आहे.

रात्री मला जेवण गेलं नाही.

बुधवारी सकाळी साडेदहालाच तीन करवतवाले येऊन कठड्यावर बसले. दोन हवालदार आले. मग आप्पा, मग सर आणि बरोबर अकरा वाजता मेंढेसाहेब. साहेब दारातून आत आले आणि तिथंच थबकले.

पाचही झाडांवर पान म्हणून राहिलं नव्हतं. नुसत्या काड्या. शेंड्याचं टोक म्हणजे एक उघडी काटकी, आणि त्यावर एक लठ्ठ अळी, पुढचं अंग उचलून, भाषणाला उभी राहिल्यासारखी.

साहेब एकेका झाडाला फेरी मारून आले. आप्पा त्यांच्या मागोमाग.

"पानं गेली म्हणून काय झालं साहेब? काड्या तर हायत. ही छत्रीच. पावसात कापड फाटतं तेव्हा अशीच दिसते."

करवतवाल्यांतला एक जण उठून उभा राहिला.  इलाहीभाईनं मुकाट्यानं आपलं स्टूल माझ्यामागं सरकवलं.

साहेबांनी बॅगेतून यादी काढली. सावकाश पानं उलटली. "आप्पासाहेब, यादीत चिन्ह आहे छत्री. मोडकी छत्री असं चिन्ह यादीत नाही."

"पण माझ्या चिन्हाची नासधूस केली," सर म्हणाले. "मी उपोषणाला बसणार."

"कुणी केली?"

सरांनी टोकावरच्या अळीकडे बोट दाखवलं.

"तिला आचारसंहिता लागू नाही," साहेब म्हणाले. मग कठड्यावर बसून त्यांनी लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं, "पाहणीत छत्रीचा आकार आढळून आला नाही. सबब पुढील कारवाईची आवश्यकता नाही." सही केली, तारीख घातली. करवतवाले चहा पिऊन गेले. आप्पा एका दारानं गेले, सर दुसऱ्या दारानं. हवालदार थोडा वेळ अळ्या बघत रेंगाळले आणि तेही गेले.

मला वाटलं साहेबही जातील. पण ते तिसऱ्या झाडाखाली उकिडवे बसले, तळहातावर लेंड्या घेतल्या आणि एक चुरडून बघितली. मग फांदीवरची अळी अशी अलगद उचलली की तिनं पकड सोडायलासुद्धा त्रास दिला नाही.

"मी शेतकी कॉलेजचा, मावशी," ते म्हणाले. "कीटकशास्त्र माझा विषय होता. घरच्यांना साहेब पाहिजे होता, म्हणून स्पर्धा परीक्षा दिली." त्यांनी अळीचं एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं, जे मला त्याच दिवशी विसरायला झालं. "रेशमाच्या किड्याच्याच घराण्यातली आहे ही. पण गरीब नातलग. हिच्या कोशाचं लुगडं कुणी विणत नाही."

नोकरीच्या चार वर्षांत कुणाला सांगायला मिळालं नसावं, इतक्या आनंदानं ते सांगत होते. मग त्यांनी अळी परत फांदीवर ठेवली आणि हात झटकले.

"एक कळत नाही. मादी अंडी घालते ती एखाद्या झाडावर. ह्या पाच झाडांच्या मधे चार-चार हात फरशी आहे, उन्हानं तापलेली. अळी ती ओलांडत नाही. मग पाचही झाडांवर सारख्याच वयाच्या अळ्या कशा? आणि इलाहीभाई म्हणतात, सगळ्यांची सुरुवात बरोबर तुमचा हात पोचेल तेवढ्या उंचीवरून?"

मी फरशीवरच्या लेंड्या पायानं एका बाजूला सारायला लागले.

"इलाहीभाई असंही सांगत होते, तुम्ही निंबोळ्या सहा दिवस भिजवताय."

"कवच—"

"मावशी, मी पदवीधर आहे."

मग मी सांगितलं. पाण्याच्या टाकीमागं एक जुनं नांदरुकाचं झाड होतं, फायकसच्याच भावकीतलं. त्याला ही अळी दर दोन-तीन वर्षांनी लागायची. एकदा तर झाड पार बोडकं झालं होतं, मी म्हटलं गेलं. महिनाभरात त्याला अशी लाल कोवळी पालवी फुटली की आधीपेक्षा गच्च. अळी पान खाते, फांदी खात नाही. करवत फांदी ठेवत नाही. शुक्रवारी पहिल्या झाडावर त्या मला दिसल्या, जेमतेम पंधरा-वीस, आणि तेवढ्यांनी बुधवारपर्यंत काही झालं नसतं. म्हणून रोज पहाटे मी टाकीमागं जायचे. जेवणाच्या डब्याच्या तिन्ही पुडांत भरून आणायचे. रविवारी डबा पुरेना, तेव्हा बादली घेतली. झाडाला हात लावायचा नव्हता, म्हणून डब्याचं झाकण फांदीला टेकवून धरायचे. त्यांच्या त्याच चढायच्या. एकेक झाडाखाली अर्धा-अर्धा तास मी झाकण धरून उभी राहायचे, आणि जिंदगीभर ज्यांना चिरडलं त्यांना हळू आवाजात म्हणायचे, चला बायांनो, उरका.

"आणि पालवी फुटली नसती तर?" साहेबांनी विचारलं.

"तर माझ्याच हातानं गेली असती," मी म्हणाले. "दुसऱ्याच्या करवतीनं न्हाई."

 साहेबांनी उठून शर्टाच्या बाह्या दुमडल्या. "पाहणीत मला छत्री शोधायची होती. ती सापडली नाही. आता हे आजच संपवायचं. चार दिवसांत या कोश करतील, पंधरा दिवसांत पाखरं होतील, आणि नवीन पालवीवर पुन्हा अंडी घालतील. दुसऱ्यांदा बोडकं झालेलं झाड तग धरेलच असं नाही. निंबोळ्या खरंच भिजवल्यात का?"

"भिजवल्यात. आता आंबल्या असतील."

"मग ताज्या आणा."

मांडववाल्याचं कापड अजून परत गेलं नव्हतं. ते आम्ही झाडाखाली अंथरलं आणि फांद्या गदागदा हलवल्या. अळ्या पावसासारख्या पडल्या. एक इलाहीभाईच्या कॉलरमधून आत गेली, आणि त्यानं जो नाच केला तो बघून साहेब हसता हसता कठड्यावर बसले. पडलेल्या अळ्या साबणाच्या पाण्याच्या बादलीत, काहींनी आधीच केलेले, फांदीच्या बेचक्यातले पिवळट कोश चिमटीनं काढून तिथंच. रात्रीपुरत्या ताज्या निंबोळ्या भिजवल्या. दुसऱ्या दिवशी वाटून, फडक्यातून गाळून, संध्याकाळी उन्हं उतरल्यावर अर्क फवारला. आठ दिवसांनी पुन्हा. टाकीमागच्या नांदरुकालाही, कारण तिथलं माहेर ठेवून इथलं सासर साफ करण्यात अर्थ नव्हता.

त्या बादलीकडे बघताना मला थोडं वाईट वाटलं. त्यांनी काम चोख केलं होतं.

आप्पा एक्केचाळीस मतांनी निवडून आले. मेंढेसाहेबांची बदली झाली. जाताना माझ्या कात्र्यांचं पोतं ते स्वतः घेऊन आले, माझ्यासमोर सील फोडलं आणि पोच म्हणून माझी सही घेतली.

महिन्यानं पाचही झाडांना पालवी आली, लाल, तुकतुकीत, काडी-काडीतून. मी कडा कातरायला घेतल्या होत्या तेव्हा आप्पा बागेत आले. गळ्यात अजून सत्काराचा हार होता. त्यांचं चिन्ह होतं कपबशी. थोडा वेळ ते इकडचं-तिकडचं बोलले, मग आवाज खाली आणून म्हणाले, "सगुणाबाई, झालं गेलं ते गेलं. त्या दारातल्या झाडाची एक कपबशी होईल का? छोटीशी. कुणाला सांगायचं नाही."

"होईल की आप्पा," मी म्हणाले. "कान जरा नाजूक काम आहे, पण करीन. फक्त दर पाच वर्षांनी निवडणुकीच्या तोंडावर तिला अळी लागेल."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग झाडाकडे. मग पुन्हा माझ्याकडे, आणि या वेळी जरा जास्त वेळ. मानेवरून हात फिरवत ते दोन पावलं झाडापासून मागे सरकले.

"राहू दे," ते म्हणाले. "छत्रीच बरी आहे."